तळ्यावरची हिरवी साय

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे आजोबा कापडी पिशवीत एक डबा घेऊन माझ्या खोलीत आले. गृहस्थ येथील एका कापड गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडून तीस वर्षे लोटली. नातू अंगाने किरकोळ, सातवीत आहे. डबा मेजावर ठेवून ते म्हणाले, "सर, एवढं जरा वाचून सांगा. घरी येऊन एक जण देऊन गेला. म्हणे यात साठ टक्के प्रथिनं आहेत, पोर सहा महिन्यांत भरेल." डब्यात गडद हिरव्या गोळ्या होत्या. त्यांना समुद्री वास येत होता. किंमत ऐकून मी गप्प राहिलो. तेवढ्या पैशांत त्यांच्या घरची दोन महिन्यांची तूरडाळ सहज आली असती.

त्या गोळ्या स्पिरुलिनाच्या होत्या. मी मराठीचा शिक्षक. परंतु शाळेत मध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवता ठेवता प्रथिनांच्या ग्रॅमांशी माझी ओळख झालेली आहे. शिवाय आजोबांना उत्तर देणे भाग होते. म्हणून मिळेल ते वाचून काढले.

विहिरीच्या पायऱ्यांवर जमणारे शेवाळ आपण सर्वांनी पाहिले आहे, बहुधा त्यावरून घसरलोही आहोत. सूक्ष्मशैवाल म्हणजे त्याच गोतातील, पण डोळ्यांना सुटे न दिसणारे जीव. सूर्यप्रकाश, पाणी, हवेतील कर्बवायू आणि थोडे क्षार एवढ्या भांडवलावर ते वाढतात. मूळ, खोड, फांदी यांचा संसार नसल्यामुळे त्यांच्या शरीराचा मोठा भाग प्रथिनांचाच असतो. स्पिरुलिना काटेकोर शास्त्रीय दृष्टीने शैवाल नव्हेच. तो नीलहरित जीवाणू आहे. पण व्यवहारात त्याला शैवालांच्याच पंगतीला बसवतात.

हे अन्न प्रयोगशाळेत जन्मले असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात कानेम नावाचा प्रदेश आहे. तेथील कानेम्बू स्त्रिया क्षारयुक्त डबक्यांवर साचणारी हिरवी साय गोळा करतात, गाळतात, वाळूत केलेल्या उथळ खळग्यात पसरून वाळवतात आणि तिच्या वड्या पाडतात. या वडीला 'दिहे' म्हणतात. बाजरीच्या अन्नाबरोबर खाण्याच्या कालवणात ती कुस्करून घालतात. १९४० साली दांजार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या वडीची नोंद केली, पण जगाचे लक्ष तिकडे गेले ते १९६४-६५ च्या बेल्जियन मोहिमेतील लेओनार या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले तेव्हा टेक्सकोको सरोवरावरची अशीच साय तेथील अॅझ्टेक लोक बाजारात विकताना त्यांना दिसली होती. पुढे ते सरोवरच बहुतांशी आटवले गेले आणि खाणेही विस्मरणात गेले.

आपल्या मुलखाचाही येथे एक धागा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्काघातामुळे झाले, हे आपण जाणतो. त्याच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात हाच स्पिरुलिना वाढतो. सरोवराला एरवी जो हिरवा रंग असतो, त्यात याच कुळाचा वाटा मोठा आहे. (२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते, ते मात्र मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले.)

दुसरे नाव क्लोरेला. हे खरोखरीचे हिरवे शैवाल. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची लोकसंख्या पाहून शास्त्रज्ञ धास्तावले होते. १९५१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे एका इमारतीच्या गच्चीवर क्लोरेला वाढविण्याचा प्रयोग झाला. आता भुकेचा प्रश्न सुटलाच, असा उत्साह वर्तमानपत्रांत उसळला. तो टिकला नाही. क्लोरेलाची पेशीभित्तिका इतकी चिवट की माणसाच्या पोटात ती नीट फुटत नाही. म्हणजे प्रथिन आहे, पण तिजोरीत बंद. दुसरी अडचण पाण्याची. उघड्या हौदात एक लिटर पाण्यामागे कोरडे शैवाल साधारणतः एक ग्रॅमही निघत नाही. किलोभर माल हवा तर हजारांवर लिटर पाणी बाजूला काढावे लागते, आणि त्याला वीज लागते. तेवढ्यात नव्या जातींच्या गव्हा-तांदळाने कोठारे भरली आणि शैवालाची निकड मागे पडली.

स्पिरुलिनाचे नशीब त्या मानाने बरे. त्याची भित्तिका मऊ, सहज पचणारी. तंतू लांब व मळसूत्रासारखे, त्यामुळे कापडाने गाळता येतात. आणि तो ज्या पाण्यात सुखाने राहतो, त्याचा सामू नऊ ते साडेदहा असतो. त्यात खाण्याचा सोडा मुबलक मिसळलेला असतो. अशा पाण्यात इतर जंतूंना शिरकाव करणे कठीण जाते. म्हणून हौद उघडे ठेवता येतात. वीतभर खोलीचे, धावपट्टीसारखे वळणदार हौद. त्यात एक फिरते वल्हे पाणी हलते ठेवते, म्हणजे प्रत्येक तंतूला आळीपाळीने ऊन मिळते. शंभर चौरस मीटरच्या हौदातून चांगल्या हवेत दिवसाला किलोभर कोरडा माल निघावा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत व चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात यावर दीर्घकाळ काम झाले. तमिळनाडूतील बालकांना रोज एक ग्रॅम स्पिरुलिना देऊन 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावावर उपयोग होतो का, हेही पाहिले गेले. येथे लक्षात घ्यावे की तो प्रयोग डोळ्यांसाठी होता, उंचीसाठी नव्हे.

आता कारखाने पुढे गेले आहेत. पेशी दाबाने किंवा बारीक मण्यांच्या घुसळणीने फोडतात, प्रथिने अल्कधर्मी पाण्यात उतरवतात, मग आम्ल घालून साका बसवतात, दूध नासवून पनीर काढावे तसे. त्यातून रंग व वास पुष्कळसा कमी झालेली भुकटी मिळते. ती बिस्किटात वा पेयात मिसळता येते. क्लोरेला तर आता बंद टाक्यांत, अंधारात, साखरेच्या पाण्यावरही वाढवतात. या प्रथिनांच्या तुकड्यांनी रक्तदाब उतरतो, असे प्रयोगशाळेत दिसल्याचे वाचले; पण परीक्षानळी आणि माणूस यांत अंतर आहे.

साठ टक्क्यांच्या आकड्यातही एक गोम आहे. बहुतेक वेळा प्रथिन थेट मोजत नाहीत. नत्र मोजून त्याला सव्वासहाने गुणतात. शैवालात प्रथिनेतर नत्रही बरेच असते, म्हणून आकडा फुगतो. जीवनसत्त्व 'ब-१२' चेही तसेच: स्पिरुलिनात जे असते त्यातील बहुतांश माणसाच्या उपयोगी पडत नाही. अशुद्ध तळ्यातील माल असेल तर यकृताला घातक अशी विषे त्यात येऊ शकतात. ज्यांना युरिक आम्लाचा त्रास आहे त्यांनी आधी वैद्यांना विचारावे हे बरे.

आजोबांना मी एवढे सगळे सांगितले नाही. कागदावर हिशेब मांडला. डब्यावर रोज तीन ग्रॅम घेण्यास लिहिले होते. साठ टक्के खरे धरले तरी प्रथिन दोन ग्रॅमांच्या आतच. तीस ग्रॅम तूरडाळीचे वरण केले तर सहा-साडेसहा ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेच्या ताटातून वीस ग्रॅम प्रथिन मिळावे असा नियम आहे. ते गोळ्यांतून द्यायचे तर रोज तेहतीस ग्रॅम, म्हणजे मूठभर गोळ्या.

आजोबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लबाडी आहे?"

"वस्तू खोटी नाही," मी म्हणालो, "तिच्याबद्दल सांगितलं ते खोटं आहे."

"मग फेकू?"

"फेकू नका. संपवा. वरण मात्र रोज घट्ट करा, आणि येता-जाता मूठभर शेंगदाणे द्या त्याला."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, डबा पुन्हा पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नातू वर्गमित्रांना जीभ काढून दाखवत होता. गोळी चावून खाल्ल्यामुळे ती चांगलीच हिरवीगार झाली होती.