गरम इंजिन, गार वारा

डिसेंबर महिन्यात आम्ही काही शिक्षक मित्र मनालीला गेलो होतो. सकाळी निघालो तेव्हा बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास असावे. भाड्याच्या गाडीत हीटरचा खटका पूर्णपणे लाल खुणेकडे सरकवलेला होता, पंखाही जोरात फिरत होता. पण पायांवर येत होता तो गार वारा. "हीटर खराब आहे, खाली उतरल्यावर बघू," असे चालकाने सांगितले. गाडी तासभर चालली होती, म्हणजे इंजिन चांगले तापलेले असणार. मग ती उष्णता आमच्यापर्यंत का पोचत नव्हती? याचे उत्तर शोधायला गॅरेजची नव्हे, तर आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राची गरज पडली.

हीटर म्हणजे काय?

मोटारीतील हीटर हा घरातल्या विजेच्या शेगडीसारखा नसतो. पेट्रोल इंजिनमध्ये इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एकतृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. बाकीची ऊर्जा धुराड्यातून आणि इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते, म्हणून ते थंडीत गोठत नाही. या मिश्रणाला आपण कूलंट म्हणतो.

एक पंप हे कूलंट इंजिनमधून रेडिएटरकडे फिरवत ठेवतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. कूलंट साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि रेडिएटरकडची वाट मोकळी होते. तोपर्यंत कूलंट इंजिनमध्येच फिरते, त्यामुळे इंजिन लवकर तापते.

याच प्रवाहाची एक शाखा दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डच्या मागे जाते. तिथे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा आपल्याला मिळते. म्हणजे गाडीचा हीटर हा वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो.

थोडे गणित

समजा, पंखा दर सेकंदाला ५० लिटर हवा आत ढकलतो. या हवेचे वस्तुमान सुमारे ६० ग्रॅम भरते. एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १ जूल उष्णता लागते. ही हवा ० पासून ४० अंशांपर्यंत तापवायची, तर दर सेकंदाला ६० × १ × ४० = २४०० जूल उष्णता हवी. म्हणजे २.४ किलोवॅट, घरच्या गीझरपेक्षा कमी नाही!

आता पाण्याकडे पाहू. नळीतून मिनिटाला ६ लिटर, म्हणजे सेकंदाला १०० ग्रॅम पाणी वाहते असे धरू. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.२ जूल, म्हणून १०० ग्रॅम पाणी एक अंशाने निवताना ४२० जूल उष्णता देते. २४०० ला ४२० ने भागले तर उत्तर येते सुमारे ६. याचा अर्थ, एवढी उष्णता देऊनही पाणी फक्त ६ अंशांनी निवते. तेव्हा हीटर नीट चालत असेल, तर आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच गरम लागायला हव्यात. बिघाड शोधण्याची किल्ली इथेच आहे.

क्रमाने शोध

पहिला प्रश्न: इंजिन तापले आहे का? तापमानाचा काटा बराच वेळ खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत राहते.

दुसरा प्रश्न: कूलंट पुरेसे आहे का? हीटरचा छोटा रेडिएटर बहुतेक गाड्यांत उंचावर असतो. पातळी खाली गेली की हवा तिथे साठते आणि प्रवाह अडतो. गवंडी समपातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळी वापरतात. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. इथेही तोच प्रकार घडतो.

तिसरा प्रश्न: दोन्ही नळ्या गरम आहेत का? इंजिन बंद करून, हातावर जाड फडके घेऊन क्षणभर स्पर्श करावा. दोन्ही गरम असतील, तर पाणी पोचते आहे. दोष हवेच्या बाजूला, बहुधा गरम-थंड हवा वळवणाऱ्या पडद्यात किंवा त्याच्या तारेत असतो. एक गरम व दुसरी गार असेल, तर प्रवाह मंदावला आहे: हवा अडकली आहे, छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा काही गाड्यांत असते ती पाण्याची झडप नीट उघडत नाही. इंजिन गरम असून दोन्ही गार असतील, तर पाणी तिकडे जातच नाही.

रेडिएटर तुंबण्याचे कारणही ओळखीचे आहे. कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी भरत राहिले, की तापल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. अंघोळीच्या पाण्याच्या बंबात बसतो तोच हा थर.

आमच्या गाडीचे काय झाले?

आमच्या गाडीची एक नळी चटका बसेल इतकी गरम, तर दुसरी गार होती. काटा मात्र मध्यावर होता. आम्ही गाडी थांबवून इंजिन पूर्ण निवू दिले. हे फार महत्त्वाचे आहे. झाकणामुळे आत दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि माणूस गंभीर भाजतो.

निवल्यावर झाकण उघडले, तर कूलंट दिसेचना. खालच्या एका नळीची पट्टी सैल होऊन ते ठिबकत होते. पट्टी आवळली, चालकाजवळच्या डब्यातले कूलंट भरले आणि इंजिन सुरू केले. बुडबुडे निघून गेले आणि काही मिनिटांत उबदार हवा आली.

आम्ही तसेच चढावर गेलो असतो तर? पातळी आणखी खाली जाऊन इंजिन अतितप्त झाले असते, सिलिंडर हेड वाकले असते. काट्यावर विसंबणेही धोक्याचे होते. तापमापक कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर तो खरे तापमान दाखवत नाही. म्हणून हीटर अचानक गार झाला, तर आधी कूलंट पाहावे.

महाराष्ट्रात हीटर क्वचितच लागतो. पण मे महिन्यात कसारा घाट चढताना इंजिन फार तापू लागले, तर जाणते चालक खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करतात आणि गाडी बाजूला घेतात. उकाड्यात हीटर का, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. विद्युत मोटारीला हीटरसाठी बॅटरीतली वीज का खर्चावी लागते, हा त्याच्या पुढचा प्रश्न. वरचे गणित समजलेला विद्यार्थी दोन्हींची उत्तरे स्वतः शोधील.