काकांची साक्ष, खालाचा अर्ज

असरची नमाज झाली की आमच्या मशिदीसमोरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. खजुराचे ढीग, चिरलेली कलिंगडं, पपईच्या फोडी, उकळत्या तेलात समोसे. रोजा सोडायला तासभर उरलेला असतो आणि गिऱ्हाईक घाईत असतं. घेणारे सगळेच रोजेदार नसतात. ऑफिसातून घरी जाताना गाडी थांबवून भजी बांधून घेणारे शेजारीपाजारीही त्यांत असतात. रमजानचा बाजार साऱ्या गावाचा असतो.

या गर्दीत दोन गाडे वर्षानुवर्षे एकमेकांना लागून उभे आहेत. एक केळीवाल्या काकांचा, दुसरा भजीवाल्या खालाचा. खाला म्हणजे मावशी. आमच्या गल्लीत सगळेच तिला तसं म्हणतात. मगरिबच्या अजानआधी काका चार केळी खालाच्या गाड्यावर ठेवतात. रोजा सुटला की गरम भज्यांचा पहिला कागद काकांच्या हातात जातो. रस्ता एक, ऊन एक, गिऱ्हाईक एक. फरक एवढाच, की नगरपालिकेच्या दप्तरात काका पथविक्रेते आहेत आणि खाला कोणीच नाही.

हा फरक पहिल्यांदा जाणवला तो टाळेबंदीनंतर. १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. हातगाडी, टोपली, पथारीवाल्यांना काहीही गहाण न ठेवता १० हजार रुपयांचं खेळतं भांडवल. काकांकडे पालिकेचं प्रमाणपत्र होतं, त्यांना कर्ज मिळालं. त्यांनी हप्ते वेळेवर फेडले आणि २० हजारांचं दुसरं घेतलं. २०२५ मध्ये ही रक्कम वाढली. आता पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, दुसरं २५ हजारांपर्यंत आणि तिसरं ५० हजारांपर्यंत मिळतं. कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजावर ७ टक्के अनुदान मिळतं.

खालाच्या गाड्याचं प्रमाणपत्र तिच्या शोहरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर होतं. ते वारले. गाडा तिने एक दिवसही बंद ठेवला नाही, पण तो कागद ट्रंकेत गेला. “माणूसच गेला, कागद काय करायचा?” असं ती म्हणायची. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, की पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे विक्रेता वारला तर त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी धंदा करण्याचा पहिला हक्क पत्नीचा असतो, तिच्यानंतर अवलंबून असलेल्या मुलाचा. पुढे मुदत संपली. नव्या सर्वेक्षणाची माणसं आली, तेव्हा ती मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी होती. यादीत नाव आलं नाही.

यंदा रमजानच्या आधी रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली, तेव्हा खाला माझ्याकडे आली. “बेटा, मला उठवतील का रे?”

आम्ही नियम वाचायला बसलो. यादीतून सुटलेल्यांसाठीही वाट आहे, हे कळलं. पालिकेकडे साध्या कागदावर अर्ज करून शिफारसपत्र मागता येतं. पालिकेने जागेवर चौकशी करून पंधरा दिवसांत त्याचा निकाल लावावा, असं योजनेचे नियम सांगतात. प्रमाणपत्रासाठी हमी द्यावी लागते ती अशी: धंदा मी किंवा माझ्या घरचंच माणूस करील, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, ही जागा मी कोणाला भाड्याने देणार नाही. खालाला यातलं काहीच अवघड नव्हतं. अवघड होता तो पुरावा. रोजच्या बाजार फीच्या पावत्यांत तिने वर्षानुवर्षे तिखट-मिठाच्या पुड्या बांधल्या होत्या.

पावत्या जपल्या होत्या काकांनी, तारेला टोचून. चौकशीला माणूस आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या पावत्या पुढे केल्या आणि म्हणाले, “या तारखा बघा साहेब. यातल्या प्रत्येक दिवशी ही बाई माझ्या शेजारी उभी होती. लिहून घ्या, मी सही करतो.”

एक प्रश्न मात्र खालाने आधीच निकालात काढला. “कर्ज मला नको. व्याजाचा व्यवहार आपल्याला चालत नाही.” तिचा निर्णय तिचा. पण कर्ज घ्यायचं नाही म्हणून कागदही घ्यायचा नाही, अशी गल्लत आमच्याकडे पुष्कळजण करतात. प्रमाणपत्राची किंमत कर्जापेक्षा मोठी आहे. जागेवरून हलवायचं तर कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत सोडावा लागतो. शहराच्या पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. नाव दप्तरात असेल तर हे सारं मागता येतं. नसेल तर हात जोडावे लागतात.

रमजान हा कुराणपठणाचा महिना. बिगरमुस्लिम वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण कुराणातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही, ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवायचा कंटाळा करू नका आणि साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय. तरावीहच्या नमाजात आम्ही ती दरवर्षी ऐकतो आणि सकाळी बाजारात तोंडी व्यवहार करतो. जबान पक्की असली की झालं, असं आमचे वडीलधारे म्हणत. माणसांपुरतं ते खरंच आहे. दप्तराला मात्र जबान ऐकू येत नाही.

म्हणून हातगाडीवाल्या भावाबहिणींना एवढंच सांगणं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत: फीची प्रत्येक पावती जपा. आधारला मोबाइल नंबर जोडून घ्या. सर्वेक्षणाच्या दिवशी गावात नसलात तर परत आल्यावर लगेच अर्ज करा. आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

खालाचं शिफारसपत्र अजून हातात आलेलं नाही. पोच मात्र आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने ती गल्ल्याच्या डब्यात सगळ्यांत खाली ठेवली आहे. काल अजानच्या आधी काका नेहमीप्रमाणे केळी ठेवायला गेले, तर गाड्याच्या खांबाला एक नवी तार लटकत होती. तिला त्या दिवसाची पावती टोचलेली होती.