झाँ-आंरी फाब्र : बालवाङ्मयातून घडलेले शास्त्रीय गद्य

फ्रेंच निसर्गनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) याचे नाव आज मुख्यतः त्याच्या ‘कीटकशास्त्रीय आठवणी’ या दहा खंडांच्या ग्रंथामुळे घेतले जाते. या ग्रंथाचा पहिला खंड १८७९ मध्ये व दहावा १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडाच्या वेळी लेखकाचे वय पंचावन्न वर्षांचे होते. त्यापूर्वीची सतरा-अठरा वर्षे तो शालेय व बालोपयोगी विज्ञानपुस्तके लिहीत होता. या पुस्तकांचा उल्लेख बहुधा चरितार्थाचे साधन म्हणून केला जातो व तेथेच विषय संपतो. वस्तुतः ‘आठवणीं’ची गद्यशैली या उपेक्षित पुस्तकांतच घडली आहे. शास्त्रीय गद्याची घडण कशी होते, या प्रश्नाच्या दृष्टीने फाब्रच्या लेखनजीवनाचा हा पूर्वार्ध उत्तरार्धाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

फाब्रचा जन्म दक्षिण फ्रान्समधील सँ-लेओं या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. घरची बोली ऑक्सितान. फ्रेंच ही शाळेत मिळविलेली भाषा. पुढे त्याने प्रोव्हांसाल बोलीत कविताही लिहिल्या. आविन्यों येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात शिष्यवृत्ती मिळवून तो शिक्षक झाला. कार्पांत्रा, कॉर्सिकातील अजाक्सियो आणि १८५३ नंतर आविन्यों अशा ठिकाणी त्याने अध्यापन केले. पॅरिसची विज्ञानातील डॉक्टरेटही त्याने स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर संपादन केली. तात्पर्य, शिकलेली भाषा आणि शिकविण्याचा व्यवसाय या दोन गोष्टी त्याच्या गद्याच्या मुळाशी आहेत. ज्याला भाषा प्रयत्नाने मिळवावी लागते, त्याला शब्द व वस्तू यांमधील अंतराची जाणीव सहसा अधिक तीव्र असते.

आविन्यों येथे त्याने मंजिष्ठाच्या मुळातील रंगद्रव्य शुद्ध स्वरूपात काढण्यासाठी अनेक वर्षे प्रयोग केले. परंतु १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार केले आणि मंजिष्ठाच्या व्यापाराबरोबर फाब्रची आर्थिक आशाही मावळली. याच सुमारास शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांच्या प्रोत्साहनाने तो सार्वजनिक व्याख्याने देत असे व त्यांना मुलीही उपस्थित राहत. मुलींसमोर फुलांच्या फलनाची प्रक्रिया उघडपणे सांगितली, हा तेथील सनातनी मंडळींच्या दृष्टीने अपराध ठरला. १८६९ मध्ये द्युरुई मंत्रिपदावरून दूर झाले होते; फाब्रला आधार उरला नाही. त्याला राहते घरही सोडावे लागले. त्या वेळी आविन्यों येथे राहणारा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने तीन हजार फ्रँक उसने दिले, म्हणून हे कुटुंब ओरांज येथे जाऊ शकले. यापुढे नोकरी नव्हती. पॅरिसचे प्रकाशक शार्ल दलाग्राव्ह यांच्यासाठी लिहिलेली पुस्तके हेच उत्पन्नाचे साधन राहिले.

या पुस्तकांची सुरुवात १८६२ मधील कृषिरसायनावरील पुस्तकाने झाली होती. त्यानंतर वनस्पती, खगोल, पिकांचा नाश करणारे व पिकांना उपकारक असणारे प्राणी, पाळीव जनावरे असे विषय त्याने हाताळले. यांपैकी ‘पोल काका’ची पुस्तके विशेष लोकप्रिय झाली. शास्त्रीय विषय संवादरूपाने मांडण्याची पद्धती काही नवी नव्हती. जेन मार्सेट हिचे रसायनशास्त्रावरील संवादात्मक इंग्रजी पुस्तक १८०६ मध्येच निघाले होते आणि पुस्तकबांधणीचे काम करणाऱ्या तरुण फॅरडेला त्यातून प्रेरणा मिळाली होती. फाब्रने मात्र संवादाचे स्थान बदलले. त्याची मुले शिक्षकाला सोयीचे प्रश्न विचारण्यापुरती आणलेली नाहीत. एमिल, ज्यूल व क्लेर ही नावे त्याच्या स्वतःच्या अपत्यांची आहेत. घरातील वृद्ध दासी परीकथा सांगते, आणि एक मुलगा काकाकडे खऱ्या गोष्टींची मागणी करतो. तेथून कथनाला आरंभ होतो. मुंग्या व मावा यांचा संबंध सांगताना फाब्र मावा म्हणजे मुंग्यांच्या ‘गाई’ असे म्हणतो. मुंगी मिशांनी माव्याला कसे डिवचते, गोड थेंब कसा बाहेर येतो व ती तो कसा टिपते, याचे वर्णन झाल्यावर उपमेचे रूपांतर विधानात होते.

भाषेच्या दृष्टीने या रचनेची दोन लक्षणे सांगता येतील. पहिले असे की, वस्तू आधी येते व संज्ञा नंतर. संज्ञा टाळली जात नाही. ती अनुभवाचे नाव म्हणून येते. दुसरे लक्षण असे की, अज्ञाताचा परिचय ज्ञाताच्या द्वारे होतो, आणि ही तुलना केवळ सजावट नसून तिच्यावर पुढील युक्तिवाद उभा असतो. वनस्पतिविषयक पुस्तकात तो आरंभी हायड्रा या जलचराचे वर्णन करतो. त्याच्या अंगावर नवे जीव कोंबाप्रमाणे फुटतात. त्यावरून वृक्ष ही एक व्यक्ती नसून डोळ्यांची, म्हणजे अंकुरांची, वसाहत आहे हा विचार तो मुलाच्या गळी उतरवितो. हा विचार सोपा नाही. सोपी आहे ती त्याच्याकडे नेणारी वाट.

याच सवयी ‘आठवणीं’त प्रौढ रूपाने दिसतात. सेर्सेरीस जातीची माशी आपल्या अळ्यांसाठी भुंगेरे साठविते व ते दीर्घकाळ ताजे राहतात. ते मेलेले असून एखाद्या संरक्षक द्रव्यामुळे टिकतात, असे लेओं द्युफूर याचे मत होते. नांगीचा दंश मज्जाकेंद्रावर होऊन भुंगेरा मरत नाही, पंगू होतो, हे फाब्रने १८५५ च्या शोधनिबंधात दाखविले. तोच विषय १८७९ मध्ये पुन्हा येतो तेव्हा त्याची मांडणी बदललेली आहे. द्युफूरचा लेख वाचल्याची हिवाळ्यातील रात्र, मनात आलेली शंका, भुंगेऱ्यांच्या मज्जाकेंद्रांची रचना आणि अमोनियाचा थेंब टोचून केलेली पडताळणी, असा क्रम वाचक लेखकाबरोबर आक्रमितो. निष्कर्ष तोच, वाचकाला मात्र आता तो स्वतः तपासता येतो. पोल काकाच्या शेजारी बसलेल्या मुलाची जागा येथे वाचकाने घेतली आहे.

ही शैली सर्वांना मानवली नाही. जे सहज वाचता येते ते सखोल नसते, असा आक्षेप पंडितांकडून आला. १८८२ च्या दुसऱ्या खंडाच्या आरंभी फाब्रने त्याला उत्तर दिले. आपण विद्वानांसाठी लिहितो, परंतु विशेषतः तरुणांसाठी लिहितो व त्यांना हा विषय प्रिय व्हावा अशी आपली इच्छा आहे, असा त्याचा आशय आहे. या प्रकरणाचे शीर्षक ‘आर्मास’ हा प्रोव्हांसाल शब्द आहे. सेरिन्यां येथील ज्या पडीक, दगडगोट्यांच्या जमिनीवर त्याने आपली प्रयोगभूमी वसविली, तिला स्थानिक लोक हेच नाव देत. लॅटिन परिभाषेच्या शास्त्रात बोलीतील एक शेतकरी शब्द अशा रीतीने कायमचा रुजला.

या शैलीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. कथेला निश्चित स्वभावाचा नायक हवा असतो, आणि फाब्रच्या कथनात माशीची सहजप्रवृत्ती अशीच अचूक व अपरिवर्तनीय ठरते. जॉर्ज व एलिझाबेथ पेकम या अमेरिकन दांपत्याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एकाच जातीच्या माश्यांच्या दंशक्रियेत बराच फरक आढळला. डार्विनने फाब्रच्या निरीक्षणशक्तीचा मुक्तकंठाने गौरव केला व दोघांत पत्रव्यवहारही झाला. तरी फाब्रने उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत स्वीकारला नाही. तोफेसारखे आवाज करूनही सिकाडा कीटकांचे गाणे थांबले नाही, यावरून त्यांना नीट ऐकू येत नसावे असे त्याने अनुमानिले; सिकाडांना श्रवणेंद्रिय असते हे आज निश्चित झाले आहे. असे असले तरी ज्या प्रयोगावरून तो चुकला तो प्रयोगही त्याने इतक्या स्पष्टपणे मांडला आहे की, अनुमान कोठे घसरले हे वाचकाला त्याच मजकुरावरून दाखविता येते. सुबोध गद्याचा हा गुण शास्त्राच्या दृष्टीने लहान नव्हे.

मराठीत शास्त्रीय लेखनाची चर्चा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते व परिभाषेपाशीच थांबते. ‘परागीभवन’ हा शब्द योग्य की अयोग्य यावर वाद होतो. परंतु परसातील भोपळ्याच्या वेलावर काही फुलांना कधीच फळ का धरत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे क्वचितच ठेवला जातो. वास्तविक नर व मादी फुले वेगळी असणे हे त्याचे कारण कळले, म्हणजे ती संज्ञा त्याला आपोआप हवीशी वाटते. फाब्रचा व्यासंग परिभाषेला विरोध करीत नाही. तो तिचा क्रम ठरवितो. मुलासाठी लिहिणे हे विद्वानाचे फावल्या वेळचे काम नसून, आपल्याला एखादी गोष्ट खरोखर समजली आहे की केवळ तिचे नाव ठाऊक आहे, याची ती पहिली कसोटी होय.