उपकरणाला झोप केव्हा लागते?

बीड जिल्ह्यातील कडा घ्या, किंवा भारनियमन ठाऊक असलेले दुसरे कोणतेही गाव. वीज गेली की शाळेतला लॅपटॉप बॅटरीवर चालतो. पडद्याचा उजेड आपण कमी करतो, कारण तो दिसतो. पण कॅमेरा, ध्वनीचे कार्ड, यूएसबीची जोडणी हे भागही काम नसताना वीज खात राहतात. संगणक चालू ठेवून फक्त रिकामे भाग झोपवायचे, याला ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तिची सर्वसामान्य चौकट २००९ साली आली.

उपकरण रिकामे आहे हे ठरवायचे कसे? समजा, प्रयोगशाळेत एकच दिवा आहे आणि दाराशी फळा. आत जाणाऱ्याने फळ्यावरच्या आकड्यात एक मिळवावा, बाहेर पडताना एक वजा करावा. शून्याचा एक झाला की दिवा लावायचा, पुन्हा शून्य झाले की मालवायचा. कर्नलही प्रत्येक उपकरणाचा असाच आकडा ठेवतो. ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, कामाआधी ‘गेट’ म्हणतो आणि काम संपल्यावर ‘पुट’. हा खेळ वर्गात जरूर करून घ्यावा; पाचवीच्या मुलांनाही जमतो.

खरी गंमत चुकीत आहे. एक मुलगा आत गेला, त्याने एक मिळवला, बटण दाबले, पण दिवा लागला नाही. तो तसाच घरी गेला. आता आकडा कधीच शून्य होणार नाही, आणि पुढे दिवा दुरुस्त झाला तर तो रात्रभर जळेल. कर्नलमध्ये नेमके हेच घडत असे. ‘गेट सिंक’ ही आज्ञा उपकरण जागे झाले नाही तरी आकडा वाढवते. ड्रायव्हर लिहिणारे मात्र ‘काम झालेच नाही, मग परत काय करायचे?’ असे समजून वजाबाकी विसरत. म्हणून २०२० साली, ५.१० या आवृत्तीत, जाग न आल्यास आकडा स्वतःच पूर्ववत करणारी आज्ञा आली.

उलटी चूक अधिक वाईट. कोणी दोनदा वजा केले, तर एखादा आम्ल ओतत असतानाच अंधार व्हायचा. झोपलेल्या उपकरणाचे रजिस्टर वाचायला गेल्यास निरर्थक आकडे मिळतात. काही चिपांवर तर सगळा संगणकच अडकतो.

शून्य होताच झोपवणेही परवडत नाही. झोपण्यापूर्वी रजिस्टरांतील मजकूर जपायचा, उठल्यावर परत भरायचा, यात वेळ आणि वीज दोन्ही जातात. म्हणून थोडे थांबतात. यूएसबीसाठी हा अवधी सामान्यतः २ सेकंद असतो. शिवाय ज्या हबला उपकरणे जोडली आहेत, तो हब ती सर्व झोपल्याशिवाय सहसा झोपत नाही. घरातल्या थोरल्या बाईसारखेच ते.

लिनक्सचा संगणक हाताशी असेल, तर यूएसबी उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधील ‘कंट्रोल’ फाइल उघडून पाहावी. ‘ऑन’ म्हणजे झोपायची मनाई, ‘ऑटो’ म्हणजे परवानगी. हब सोडून इतर यूएसबी उपकरणांना कर्नल सहसा मनाईच करतो, कारण त्यांतली काही झोपली की नीट उठत नाहीत.