हेडफोन, अर्धखुले
हेडफोन, अर्धखुले : डोक्यावरील कमानीच्या आधाराने दोन्ही कानांवर बसणाऱ्या ध्वनिसाधनाचा एक प्रकार. यातील कंप पावणाऱ्या पटलाची मागील बाजू बाहेरच्या हवेशी अंशतः जोडलेली असते. ती पूर्णपणे कोंडलेली असेल, तर हेडफोन बंद प्रकारचा आणि जवळजवळ निर्वेध मोकळी असेल, तर खुल्या प्रकारचा समजला जातो. अर्धखुले हेडफोन मुख्यतः ध्वनिमुद्रणालयांसाठी बनविण्यात आले. तथापि त्यांपैकी बरेच अल्प किंमतीत मिळतात आणि मोठे ध्वनिक्षेपक मांडण्यास जागा नसलेल्या किंवा शेजाऱ्यांचा संकोच बाळगावा लागणाऱ्या घरांत संगीत ऐकण्यास ते सोयीचे ठरतात.

इतिहास : अमेरिकेतील यूटा राज्याचे रहिवासी नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने स्वीकारले. त्यांचा उपयोग संदेश ऐकण्यापुरताच होता. बर्लिन येथील ऑयगेन बायर यांच्या कारखान्याने १९३७ मध्ये चल वेटोळ्यावर चालणारा ‘डीटी ४८’ हा हेडफोन बाजारात आणला. मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये द्विमार्गी (स्टीरिओ) संगीतासाठी हेडफोन सादर केला आणि तेव्हापासून हे साधन घरगुती करमणुकीच्या क्षेत्रात आले. हे हेडफोन बंद प्रकारचे होते. जर्मनीतील झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ हा स्पंजाच्या गाद्यांचा हलका, खुला हेडफोन काढला. या दोहोंमधला मार्ग व्हिएन्ना येथील एकेजी या कंपनीने (स्थापना १९४७) १९७५ मधील ‘के २४० सेक्स्टेट’ या प्रतिमानात अवलंबिला. ‘के २४०’ हे नाव पुढे अनेक प्रतिमानांना दिले गेले व अर्धखुला हेडफोन म्हणजे हाच, अशी अनेकांची समजूत झाली. कंपनीचे व्हिएन्ना येथील केंद्र २०१७ मध्ये बंद झाले; तरी ‘के २४० स्टुडिओ’ हे स्वस्त प्रतिमान त्यानंतरही बाजारात राहिले.

रचना व कार्य : चुंबकाच्या फटीत लोंबकळणाऱ्या वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह जाऊ लागला की, वेटोळे व त्याला चिकटविलेले पातळ पटल मागेपुढे हालते. पटल पुढे सरकताना कानाकडील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. म्हणजेच पुढील व मागील तरंग परस्परविरुद्ध असतात. ते वळसा घेऊन एकत्र आले, तर एकमेकांना नष्ट करतात. खर्जाच्या स्वरांची तरंगलांबी मोठी असल्याने त्यांच्या बाबतीत असे विशेषेकरून घडते. बंद हेडफोनात मागील तरंग कोंडून ठेवल्यामुळे खर्ज शाबूत राहतो. मात्र कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे वागते व कवचाच्या भिंतींवरून परतलेले तरंग पुन्हा पटलावर आदळतात. त्यामुळे काही कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांना) अनुस्पंदन होऊन आवाज डब्यातून आल्यासारखा वाटण्याचा संभव असतो. खुल्या प्रकारात हा दोष फारसा राहत नाही. उलट खर्ज उणा पडतो आणि शेजारी बसलेल्यालाही संगीत ऐकू जाते.

अर्धखुल्या प्रकारात कवचाला मोजकी छिद्रे ठेवून त्यांवर नमदा, कागद किंवा दाट विणीचे कापड बसवितात. त्यामुळे हवेच्या ये-जा करण्यास ठराविक रोध होतो. हा रोध किती असावा, यातच उत्पादकाचे कसब असते. सेक्स्टेटमध्ये मुख्य पटलाभोवती सहा लहान पटले बसविलेली होती. त्यांना वेटोळे नव्हते; कवचातील हवेच्या दाबानुसार ती आपोआप हालत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ‘अर्धखुला’ हे मोजमाप नव्हे. किती छिद्रे अथवा किती रोध असल्यास हे विशेषण लावावे, यासंबंधी उत्पादकांत एकवाक्यता नाही. एका कंपनीचा अर्धखुला हेडफोन दुसरीच्या खुल्या हेडफोनाइतका आवाज बाहेर सोडतो, तर तिसरीचा जवळजवळ बंद असतो. संगीत चालू असताना दोन्ही कवचांवर बाहेरून तळहात झाकून पाहिल्यास याचा साधा पडताळा मिळतो. स्वराचा पोत जितका बदलेल, तितका हेडफोन अधिक खुला समजावा.

ध्वनीची प्रत व किंमत : खोलीतील ध्वनी कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी खांदे, डोके, कानाची पाळी व कर्णनलिका यांच्यामुळे बदलतो, विशेषतः सु. ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर बरेच उचलले जातात. हेडफोन यांतील काही टप्पे वगळतो. त्यामुळे त्याने ही उणीव स्वतःच भरून काढावी लागते. सर्व कंप्रता समान तीव्रतेने देणारा हेडफोन प्रत्यक्षात निर्जीव वाटतो. ध्वनिमुद्रणालयांतील हेडफोन सर्व दिशांनी सारखा ध्वनी येणाऱ्या क्षेत्राला अनुसरून जुळवावेत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९० मध्ये केली. पुढे हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व त्यांचे सहकारी यांनी श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. चांगले ध्वनिक्षेपक साध्या खोलीत जसे ऐकू येतात, तशी व खर्ज थोडा भरीव असलेली जुळणी बहुतेकांना पसंत पडते, असे त्यांना आढळले.

अशी जुळणी साधण्यास मोठा खर्च यावा लागतो काय? जेरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार कंप्रता-प्रतिसाद आणि किरकोळ किंमत यांत काहीही सहसंबंध दिसून आला नाही. ग्राहकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत उपयुक्त माहिती बहुधा हीच होय. खोक्यावर छापलेल्या ‘१५ ते २५,००० हर्ट्‌झ’ यासारख्या आकड्यांचेही मोल थोडे असते. या मर्यादांत तीव्रता किती डेसिबेलनी कमीजास्त होते हे दिलेले नसल्यास त्यांवरून काहीच बोध होत नाही. शिवाय २०,००० हर्ट्‌झच्या पुढचे माणसाला ऐकू येत नाही.

दुसरे असे की, प्रतिसादातील दोष आता संगणकातील किंवा भ्रमणध्वनीतील स्वरसमतोलक आज्ञावलीने पुष्कळ अंशी दुरुस्त करता येतात. तैवानच्या सुपरलक्स कंपनीचे ‘एचडी ६८१’ व ‘एचडी ६६८बी’ आणि अमेरिकेच्या सॅमसन कंपनीचा ‘एसआर ८५०’ हे याच वर्गातील अतिशय स्वस्त हेडफोन आहेत. एचडी ६८१ ची ठेवण के २४० ची उघड आठवण करून देते. यांचे तार स्वर कर्कश असल्याची तक्रार सर्वश्रुत आहे. तो भाग काही डेसिबेल उतरविल्यास ते चांगले सुसह्य होतात. तेव्हा निवड करताना जे मागाहून सुधारता येत नाही त्याला, म्हणजे कानावरील बसणी, विद्युत् जुळणी व सुटे भाग यांना, अग्रक्रम देणे इष्ट ठरते.

संरोध व विवर्धक : हेडफोनाचा विद्युत् संरोध ओहममध्ये व संवेदनक्षमता १ मिलिवॉट शक्तीस मिळणाऱ्या डेसिबेलमध्ये देतात. के २४० स्टुडिओसाठी हे आकडे ५५ ओहम व ९१ डेसिबेल असे आहेत. भ्रमणध्वनीतून सु. १ व्होल्ट मिळतो असे धरल्यास त्याला सु. १८ मिलिवॉट शक्ती मिळून कमाल पातळी सु. १०४ डेसिबेल होते. बायरडायनॅमिकचा अर्धखुला ‘डीटी ८८०’ हा ३२, २५० व ६०० ओहम अशा तीन संरोधांत निघाला असून त्याची संवेदनक्षमता ९६ डेसिबेल आहे. त्याच १ व्होल्टवर २५० ओहमच्या प्रकारात सु. १०२, तर ६०० ओहमच्या प्रकारात सु. ९८ डेसिबेल मिळतात. चित्रपटगीतांना हे पुरेसे आहे. परंतु ज्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरांच्या २० डेसिबेल खाली असते, अशा विलंबित ख्यालासाठी किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी ९८ तुटपुंजे ठरतात व स्वतंत्र विवर्धक घ्यावा लागतो. त्याची किंमत हेडफोनात मिळवल्यावरच तो स्वस्त की महाग हे ठरविणे योग्य होय.

जुन्या विवर्धकांच्या बाबतीत उलट अडचण येते. त्यांपैकी अनेकांच्या हेडफोन-मार्गात १२० ओहमच्या आसपास रोध असतो. त्याला ५५ ओहमचा हेडफोन जोडल्यास सु. १० डेसिबेल वाया जातात आणि वेटोळ्यावरील नियंत्रण सैल होऊन खर्ज फुगतो. उगमाचा रोध हेडफोनाच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यावहारिक नियम आहे. घरी असा जुना विवर्धक असल्यास ६०० ओहमचा हेडफोनच शोभतो. ज्या भ्रमणध्वनींत ३·५ मिमी. चे छिद्र नाही, त्यांना लहानसा अंकीय-सदृश परिवर्तक लावावा लागतो. तोही चालतो, यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही.

श्रवणाने पारख : परिचयाच्या ध्वनिमुद्रणानेच हेडफोन पारखावा. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला तंबोऱ्याइतकी चांगली कसोटी सापडणे कठीण. काळी १ मध्ये गाणाऱ्या गायकाच्या जोडीच्या तारा सु. १३९ हर्ट्‌झवर व खर्जाची तार सु. ६९ हर्ट्‌झवर असते. जवारीमुळे या प्रत्येक तारेतून कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंतचे उपस्वर (मूळ कंप्रतेच्या पटीतील स्वर) उमटतात. घोडीच्या रुंद पृष्ठभागामुळे व त्यावरील धाग्यामुळे, एरवी नियमाप्रमाणे गैरहजर असावेत असे उपस्वरही तंबोऱ्यात कसे उपस्थित असतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. चांगल्या हेडफोनात हे उपस्वर एकापाठोपाठ एक उलगडत जातात. मध्य सप्तक दबलेले असल्यास तंबोरा नुसता गुणगुणतो; तार भाग प्रखर असल्यास तो किणकिणतो.

अर्धखुल्या हेडफोनांत साधारणतः ५० हर्ट्‌झच्या खाली खर्ज उतरू लागतो. वरील आकडे पाहता गायनाच्या व तंतुवाद्यांच्या श्रोत्याचे त्यामुळे विशेष नुकसान होत नाही. सोळा फुटी नळीचा ३३ हर्ट्‌झचा ऑर्गन-स्वर किंवा इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीत ऐकणाऱ्याने मात्र बंद प्रकार पाहावा.

वापर व निगा : गादीने कानाभोवती नीट मिठी मारली नाही, तर खर्ज गळतो. चष्म्याच्या काड्यांमुळेही असे होते. म्हणून चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासह, निदान अर्धा तास हेडफोन घालून पाहावा. काही मिनिटांत न जाणवणारा कमानीचा दाब तेवढ्या वेळात जाणवतो. कृत्रिम चामड्याच्या गाद्या कोकणपट्टीच्या दमट हवेत व घामाने लवकर सोलपटतात. मखमली गाद्या गरम होत नाहीत. पण त्या बदलल्याने स्वरही बदलतो. गाद्या व तार सुट्या मिळणाऱ्या, तारेला काढता येणारा जोड असणाऱ्या हेडफोनाचे आयुष्य पुष्कळ वाढते. के २४० स्टुडिओ इतका टिकून राहिला, त्याचे हेही एक कारण आहे.

अर्धखुल्या हेडफोनातून दारावरची घंटा व घरातली हाक ऐकू येते; तशीच पंख्याची घरघरही येते. तिच्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत नेण्याची सवय कानांना अपायकारक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी आठवड्यास ४० तास ८० डेसिबेलची मर्यादा पाळावी. दर ३ डेसिबेल वाढीस हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने ८९ डेसिबेलवर आठवड्यास केवळ पाच तास उरतात. गोंगाटाच्या रस्त्यालगतच्या खोलीत, प्रवासात, दुसरे कोणी झोपलेले असताना किंवा उघड्या सूक्ष्मध्वनिग्राहकासमोर गाताना बंद हेडफोनच वापरतात. [⟶ ध्वनिक्षेपक].