घाटात गाडी अडू नये म्हणून...

पोफळी म्हटलं की कोयनेची वीज आठवते. डोंगराच्या पोटातलं इथलं वीजगृह १९६२ साली सुरू झालं. पण इथूनच कुंभार्ली घाट चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून चहा-वडापाव विकायचा, तर दिव्याला वीज कुठून आणायची? आपली आपणच न्यायची, बॅटरीतून!

बचत गटातल्या बायका जुना टेम्पो घेऊन फिरतं उपाहारगृह काढायचं ठरवतात, तेव्हा तेल-बेसनाचा हिशेब अगदी चोख असतो. दिव्या-पंख्याचं मात्र 'गाडीची बॅटरी आहे की!' म्हणून सोडून देतात. इथंच घात होतो. संध्याकाळभर दिवे जळतात, रात्री सगळं आवरून किल्ली फिरवावी तर गाडी गप्प! पावसाळी रात्र, घाटातलं धुकं आणि सोबत दिवसभराचा गल्ला. ही काही गमतीची गोष्ट नाही.

मैत्रिणींनो, आपण घरखर्चाचा डबा वेगळा ठेवतो आणि अडीअडचणीचा वेगळा. गाडीतही तसंच करायचं. गाडीची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती असते. क्षणभर भरपूर वीज द्यायची, एवढंच तिचं काम. ती वारंवार रिकामी झाली तर लवकर खराब होते. दिव्या-पंख्यासाठी इन्व्हर्टरला लावतात तशी, हळूहळू वीज देणारी दुसरी बॅटरी घ्यावी.

दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात इंजिनावरच. मात्र त्या नुसत्या वायरने कायमच्या जोडायच्या नाहीत, नाहीतर दोन्ही एकदमच रिकाम्या होतील. मध्ये रिले बसवतात. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की ती दोन्ही बॅटऱ्या जोडते, आणि इंजिन बंद होऊन ते १२.८ च्या आसपास उतरलं की तोडते. नव्या बीएस-६ गाड्यांत अनेकदा हे व्होल्टेज कमीजास्त होत राहतं. तिथे साध्या रिलेऐवजी 'डीसी टू डीसी चार्जर' लागतो. लिथियम बॅटरी घेतली तरी तोच हवा.

आता हिशेब पाहू. १० वॅटचे तीन एलईडी दिवे आणि २५ वॅटचा पंखा पाच तास चालवला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण २३ अँपिअर-तास वीज जाते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी, म्हणजे ती टिकते. तेव्हा एवढं तिला सहज झेपेल. ५०० वॅटचा मिक्सर मात्र तिच्यातून एकदम ४०-५० अँपिअर ओढतो. चटणी घरूनच वाटून न्यावी हे बरं! आणि तासाभराच्या फेरीत ही बॅटरी पूर्ण भरत नाही. अधूनमधून घरी चार्जर लावून ती पुरती भरून घ्यावी.

जोडणी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून विचारा. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, वायरच्या दोन्ही टोकांना आहे ना? बारीक वायर तापते, तिचं वरचं आवरण वितळतं आणि आग लागते, म्हणून वायर पुरेशी जाड आहे ना? पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच आहे ना? बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधली आहे ना? घाटातल्या वळणांवर तेवढी जड वस्तू सरकली तर केवढ्याला पडेल!

स्वयंपाकाच्या गाडीत एक धोका आणखी असतो. चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वर चढतो. सिलिंडरचा गॅस गळला तर तो खाली साचतो. रिलेची एक ठिणगीही पुरे. म्हणून बॅटरी आणि रिले दोन्ही गॅसपासून दूर ठेवा. बॅटरी बंद कप्प्यात ठेवा, रिले त्या कप्प्याबाहेर ठेवा, आणि त्या कप्प्याला बाहेरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवा.

बॅटरीला हात लावण्याआधी बांगड्या, अंगठ्या, लोंबतं मंगळसूत्र काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण दोन्ही टोकांना धातू टेकला तर तो क्षणात लालभडक होतो. सोडवताना निगेटिव्ह वायर आधी, जोडताना ती शेवटी. ॲसिड उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं.

गाडीच्या रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. गटाने कर्ज काढून घेतलेली गाडी असते ती. दुसऱ्या बॅटरीवर आणि दोन फ्यूजवर झालेला खर्च वायफळ नव्हे, तो त्या कर्जाची राखणच करतो.