सुई-दोऱ्याची अर्धी दुपार

मैत्रिणींनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत तुमचंही एक गाठोडं असेलच. बगलेत उसवलेला ब्लाऊज, गुडघ्यावर फाटलेली मुलाची पँट, काठापाशी विरलेली सुती साडी. ‘बघू सवडीनं’ म्हणून बांधलेलं आणि दिवाळीच्या आवराआवरीत कुणाला तरी देऊन टाकायचं! यंदा देण्याआधी ते एकदा सोडून बघा, एवढंच सांगायला आज लिहिते आहे.

मी राहते हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला. कयाधूकाठचं हे आमचं गाव संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. १२७० साली शिंप्याच्या घरात ते जन्मले. पुढे त्यांची पदं पार पंजाबात गेली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा अशी शिंप्याची सगळी हत्यारं आहेत. हात शिवतो आहे आणि चित्त नामाशी आहे, असा त्याचा भाव.

तुम्ही म्हणाल, ते संत होते बाई, आम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात! खरं आहे. पण धावदोरा घालायला बसा आणि अनुभव घ्या. डोळा एका जागी, हात एका लयीत. वीस-पंचवीस टाके झाले की डोक्यातली वजाबाकी-बेरीज आपोआप मागे पडते. सकाळची शाळा आणि स्वयंपाक आटोपला की दुपारी अर्धा तास मी अशी बसते. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत हवा, बरं का!

आता कामाचं सांगते. कपडा आधी उजेडात धरा. विरलेली जागा लगेच दिसते. भोक पडायच्या आत तिथं मागून मऊ कापड लावून बारीक धावदोरे घाला, काम संपलं. भोक पडलंच असेल तर रफू. त्यासाठी दोरा विकत आणू नका, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीत जी जादा माया असते तिच्यातून काढा, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. (शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला ‘माया’ हा शब्द ज्या कुणी दिला त्याला माझा नमस्कार!) भोकाच्या चहूबाजूंनी अर्धं बोट चांगल्या कापडातून सुरुवात करून आधी उभे दोरे घाला, मग आडवा दोरा नवारीच्या खाटेसारखा एकाच्या वरून, एकाच्या खालून. दोरा ओढू नका, चुण्या पडतात.

हल्लीच्या स्वस्त तयार कपड्यांत ही मायाच नसते. घेताना कपडा उलटा करून बघा. शिवणीत बोटभर कापड नसेल तर तो सैलही करता येणार नाही आणि त्यातून दोराही निघणार नाही.

याचं मोल कुठं कळतं सांगू? माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी चार दिवस आलीच नाही. आजारी म्हणावं तर विहिरीवर दिसली. विचारलं तर गप्प. शेवटी कळलं, गणवेश बगलेत फाटला होता, दुसरा नव्हता आणि वर ठिगळ लावून यायची लाज. खालच्या दुमडीतून त्याच कापडाचा चौकोनी तुकडा काढून बगलेत बसवला, वरून दिसेनासुद्धा. पुढच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मी साऱ्या वर्गाला, मुलग्यांनासुद्धा, तेच शिकवलं. मुलगे कुरकुरले, पण टाके त्यांचे अधिक सारखे आले!

आपल्या सासवा-आज्यांना हे शिकवावं लागत नव्हतं. नऊवारी लुगडं मध्ये, बसण्याच्या जागी विरतं. तेवढा भाग कापून दोन्ही चांगली टोकं जोडायची, याला दंड घालणं म्हणत. सहावारीला एवढं कापून चालत नाही, लांबी पुरत नाही. मग एकीचा पदर आणि दुसरीचं निऱ्यांचं अंग घ्या, जोड निऱ्यांत लपतो. दोन पोतं मात्र सारखी हवीत, एक जाड नि एक तलम असेल तर साडी अंगावर नीट बसत नाही.

आणि ज्यातून काहीच निघत नाही त्याची आमच्याकडे वाकळ होते. तुमच्याकडे गोधडी म्हणत असाल. यात जुनं सुतीच घ्या. टेरिकॉट आत घातलंत तर घाम टिपला जात नाही, थर सरकतात. कोरं कापडही नको, ते धुतल्यावर आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढतं. धुतलेले थर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा, आधी लांब कच्चे टाके घाला आणि मग कडेपासून आत आत धावदोरा. जपानच्या खेड्यांतही निळ्या कापडाला पांढऱ्या दोऱ्याचे असेच टाके घालून ते टिकाऊ करीत. त्याला सशिको म्हणतात आणि आज लोक ते हौसेनं शिकतात. आपली वाकळ काय कमी आहे!

एक वाकळ एका उन्हाळ्यात होईलच असं नाही. घाई नको. आमच्या घरी सासूबाईंच्या तीन साड्यांची आहे ती दोन उन्हाळे झाले, अजून मधला हातभर भाग राहिला आहे. रोज चार ओळी होतात.

काही कपडे दुरुस्त होत नाहीत हेही सांगून ठेवते. इलॅस्टिक सैल पडलेले, गोळे आलेले लोकरी मिश्रणाचे, जागोजाग विरलेले. त्यांच्यावर दुपार घालवू नका, सुती असतील तर पायपुसणं करा. पण कात्री लावण्याआधी बटणं, हूक आणि चेन काढून डब्यात ठेवा.